गिधाडांच्या मूत्रपिंडातला पुरावा

चिखलीहून खामगावकडे निघालं की वाटेत अमडापूर लागतं. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणारं बुलडाणा जिल्ह्यातलं हे गाव. वऱ्हाडातल्या अशा कुठल्याही गावात गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत एक व्यवस्था न बोलता चालत असे. बैल किंवा म्हैस मेली की ती ओढत गावाबाहेर न्यायची, कातडं सोलून घ्यायचं आणि बाकीचं तिथंच सोडायचं. ओढण्या-सोलण्याचं हे काम गावगाड्यानं काही जातींवर लादलं होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेली गुरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा असं सांगितलं, तेव्हापासून माणसानं या कामातून सुटण्याची लढाई सुरू झाली. व्यवस्थेचा उरलेला भाग मात्र आकाशातून उतरत असे. आधी एक ठिपका, मग दहा, मग पन्नास. गिधाडांचा मोठा थवा पूर्ण वाढलेल्या जनावराचा अर्ध्या तासात सांगाडा करून टाकी. वास सुटायच्या आत हाडं उघडी पडत, आणि हाडं गोळा करणारे ती खतासाठी, सरसासाठी घेऊन जात.

ही गिधाडं मोजायला गावोगावी कोणी बसलं नव्हतं. बसावं असं वाटण्याचं कारणही नव्हतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातला सर्वांत जास्त संख्येनं असलेला मोठा शिकारी वर्गातला पक्षी असावा, असं १९८५ च्या सुमारास पक्षिशास्त्रज्ञ लिहीत होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडं, म्हणजे बीएनएचएसकडं, त्या काळात गिधाडांचा विषय आला तो विमानांना होणाऱ्या धोक्याच्या निमित्तानं. धावपट्ट्यांजवळच्या कत्तलखान्यांवर आणि कचऱ्याच्या ढिगांवर ती इतकी जमत की विमानांवर आदळत. गिधाडं कमी कशी करावीत, हा तेव्हाचा प्रश्न होता.

या गोष्टीचं पहिलं पान भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात लिहिलं गेलं. बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश तिथं शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ च्या हंगामात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली. मोजणी साधी होती. झाड बघायचं, घरटं बघायचं, नोंद करायची. त्या वर्षी त्या आकड्याकडं कुणी वळूनही पाहिलं नसतं. १९९६ मध्ये ते पुन्हा त्याच झाडांखाली गेले, तेव्हा निम्म्याहून जास्त घरटी नाहीशी झालेली होती. फांद्यांवर गिधाडं माना खाली टाकून तासन्‌तास बसलेली दिसत. काही तशीच खाली पडत. १९९९ पर्यंत घरटी विसाच्या आसपास उरली आणि पुढच्या काही वर्षांत एकही उरलं नाही. ‘केवलादेवमधल्या गिधाडांची संख्या दहा-अकरा वर्षांत ९५ टक्क्यांनी घटली आहे,’ अशा आशयाचा त्यांचा निबंध १९९९ साली सोसायटीच्या नियतकालिकात आला.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९८७ ची वही. संकट आल्यावर मोजायला धावणारे पुष्कळ असतात. संकटाची चाहूलही नसताना, विपुल असलेल्या पक्ष्याची घरटी मोजून ठेवणारा माणूस विरळा. ती वही नसती तर ‘पूर्वी गिधाडं पुष्कळ होती हो’ एवढंच म्हणता आलं असतं. अमडापूरच्या शिवाराबद्दल आज आपल्याला एवढंच म्हणता येतं.

केवलादेवमध्ये विषाची शंका यायला एक ताजं कारणही होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याच उद्यानात सारस क्रौंच आणि होले मरून पडलेले सापडत होते. एस. मुरलीधरन या संशोधकानं त्या मृत पक्ष्यांच्या शरीरांची तपासणी करून आल्ड्रिन या कीटकनाशकाकडं बोट दाखवलं. आसपासच्या शेतांत वापरलेलं हे विष पेरलेल्या दाण्यांबरोबर पक्ष्यांच्या पोटात जात होतं. मुरलीधरन पुढं कोइमतूरच्या सालिम अली केंद्रात गेले आणि भारतभरच्या मृत पक्ष्यांतल्या कीटकनाशकांचा शोध हेच त्यांचं आयुष्यभराचं काम झालं.

जगातही पक्ष्यांच्या अंगातून विष वाचण्याची विद्या तेव्हा तीसेक वर्षांची झाली होती. ब्रिटनमध्ये बहिरी ससाणे का घटताहेत हे शोधताना डेरेक रॅटक्लिफ यांनी अंडी जमवणाऱ्या छांदिष्टांचे जुने संग्रह उघडले. अंड्यांच्या कवचांचं वजन आणि आकार यांचा हिशेब केला तेव्हा दिसलं की १९४७ च्या सुमारास कवचं एकाएकी पातळ झाली आहेत. डीडीटीचा वापर सर्रास सुरू झाला तो हाच काळ. आई अंड्यावर बसली की अंडं तिच्याच वजनानं फुटत होतं. रॅटक्लिफ यांचा तो निबंध १९६७ चा. रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’नं त्याआधी पाच वर्षं ज्या धोक्याची हाक दिली होती, तिला ससाण्याच्या अंड्यानं मोजपट्टी लावून दुजोरा दिला. पुढं अमेरिकेत आणि युरोपात पक्ष्यांची अंडी, पिसं, यकृतं दरवर्षी तपासून हवापाण्यातलं विष मोजायची पद्धतच पडली.

म्हणून गिधाडांच्या बाबतीत पहिला संशय कीटकनाशकांवर जाणं साहजिक होतं. पण लक्षणं जुळेनात. डीडीटीचा मार पिलांवर पडतो आणि मोठे पक्षी वर्षानुवर्षं तग धरतात. इथं मोठी, धडधाकट गिधाडं पटापट मरत होती. मग विषाणूचा संशय आला. माना टाकलेले पक्षी आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरत जाणारं मरण यामुळं साथीचं चित्र पटण्यासारखं होतं. बीएनएचएसचे तेव्हाचे संचालक असद रहमानी यांनी हा प्रश्न सरकारदरबारी आणि परदेशी संस्थांपुढं लावून धरला. २००० साली देशभर रस्त्यांवरून गाड्या फिरवून गिधाडं मोजली गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ज्या रस्त्यांवर मोजणी झाली होती, तेच रस्ते पुन्हा धरले होते. पांढऱ्या पाठीची, लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची, तिन्ही जातींची गिधाडं नव्वद टक्क्यांहून अधिक घटलेली होती. त्याच सुमारास तिन्ही जाती जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदल्या गेल्या.

शवविच्छेदनात एक गोष्ट वारंवार दिसत होती. मूत्रपिंड, यकृत, हृदयाचं आवरण यांच्यावर खडूची भुकटी पसरावी तसा पांढरा थर. पक्षी लघवीच्या रूपात युरिक आम्ल बाहेर टाकतात. मूत्रपिंड निकामी झालं की ते आम्ल रक्तात साठतं आणि आतल्या अवयवांवर स्फटिक होऊन बसतं. म्हणजे गिधाड कशानं मरतंय हे कळलं होतं. मूत्रपिंड कशानं निकामी होतंय, ते कळत नव्हतं. भारतातल्या उन्हात मेलेलं गिधाड काही तासांत सडतं, ताजं शव हाती लागणं दुर्मीळ. त्यात ऊतींचे नमुने परदेशी प्रयोगशाळांत पाठवण्यावर कडक बंधनं होती.

उत्तर सीमेपलीकडून आलं. अमेरिकेतल्या ‘द पेरेग्रिन फंड’ या संस्थेनं २००० साली पाकिस्तानातल्या पंजाबात, तिथल्या पक्षिशास्त्र संस्थेबरोबर, गिधाडांच्या वसाहतींवर मुक्काम टाकला. मार्टिन गिल्बर्ट आणि मुनीर विराणी यांच्यासारखे लोक रोज झाडांखाली फिरून शवं गोळा करत. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य लिंडसे ओक्स ती तपासत. २५९ शवांपैकी २१९ शवांत तोच पांढरा थर. ओक्स यांनी विषाणू शोधले, जिवाणू शोधले, शिसं, पारा, कॅडमियम शोधलं, कीटकनाशकं शोधली. काही सापडेना.

मग प्रश्न उलटा विचारला गेला. गिधाड खातं काय? मेलेली पाळीव गुरं. मग मरण्याआधी या गुरांना काय दिलं जातं? पशुवैद्यांकडं आणि औषधविक्रेत्यांकडं चौकशी झाली. कोणती औषधं खपतात, त्यांतली कोणती मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात आणि पक्ष्यांवर कधीच तपासलेली नाहीत, अशी चाळणी लावल्यावर नाव पुढं आलं डायक्लोफेनॅकचं. १९७३ मध्ये सीबा-गायगी कंपनीनं माणसांच्या सांधेदुखीसाठी शोधलेलं हे वेदनाशामक. तोवर ते दक्षिण आशियात गुरांसाठीही स्वस्तात मिळू लागलं होतं. साठवून ठेवलेल्या मूत्रपिंडांची तपासणी झाली. पांढरा थर असलेल्या पंचवीसच्या पंचवीस गिधाडांत डायक्लोफेनॅक होतं, आणि इतर कारणांनी मेलेल्या तेरांपैकी एकातही नव्हतं. पुन्हा उडू न शकणाऱ्या काही जायबंदी गिधाडांना हे औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातलं, तेव्हा तीही त्याच पद्धतीनं मेली. मे २००३ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत ओक्स यांनी हे मांडलं आणि जानेवारी २००४ मध्ये ‘नेचर’नं ते छापलं. वन्य पक्ष्याची अख्खी जात एका गुरांच्या औषधानं संपत आल्याचं हे जगातलं पहिलं ठळक उदाहरण होतं.

इथं शेतकऱ्याची बाजू सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ऐन वखरणीच्या दिवसांत बैल लंगडायला लागला, गाईच्या कासेला सूज आली, म्हैस विल्यावर उठेना, अशा वेळी हे इंजेक्शन दिलं की जनावर काही तासांत उभं राही. किंमत कुणालाही परवडणारी. ज्यांचं सगळं घर बैलजोडीवर चाललं आहे त्यांनी ते दिलं यात नवल काय? गुराच्या अंगातून हे औषध आठवड्याभरात निघून जातं. प्रश्न उरतो तो इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत मेलेल्या जनावराचा. अशी जनावरं थोडीच असतील असं वाटतं. पण पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला मरायला वजनाच्या दर किलोमागं एक मिलिग्रॅमचा दहावा-पाचवा हिस्सा पुरतो, आणि एका शवावर पन्नास-शंभर गिधाडं एकदम बसतात. ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच गणित मांडलं होतं, की दर १३० ते ७६० शवांमागं एक जरी विषारी असेल, तरी जे घडलं ते घडायला तेवढं पुरे. वर्षाला एकच अंडं घालणारा आणि पाचेक वर्षांनी वयात येणारा हा पक्षी. एवढं मरण त्याला भरून काढता येत नाही.

नंतर भारतातून मेलेल्या गुरांच्या यकृतांचे नमुने गोळा झाले. २००४-०५ मध्ये तपासलेल्या १,८४८ नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक निघालं. गणिताला लागणाऱ्या प्रमाणाच्या दसपटीहून जास्त. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची मिळून जवळजवळ ९७ टक्के गेली.

पर्यायी औषधाचा शोध झपाट्यानं लागला. प्रिटोरिया विद्यापीठातले गेरी स्वान आणि त्यांचे सहकारी यांनी आफ्रिकी गिधाडांवर, मग हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड संवर्धन केंद्रातल्या भारतीय गिधाडांवर मेलॉक्सिकॅम तपासलं. ते निर्धोक ठरलं. मार्च २००५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या बैठकीनंतर डायक्लोफेनॅक मागं घेण्याची घोषणा झाली, मे २००६ मध्ये औषध नियंत्रकांनी गुरांसाठीचं उत्पादन थांबवायला सांगितलं आणि जुलै २००८ मध्ये राजपत्रात रीतसर बंदी आली. निबंध छापून आल्यापासून साडेचार वर्षं. आपल्या व्यवस्थेचा वेग पाहता हे लवकर झालं असं मी म्हणेन.

बंदीनंतरची लबाडी मात्र जास्त चिवट निघाली. माणसांसाठी तीन मिलिलिटरची कुपी पुरते. बाजारात तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या ‘माणसांसाठी’ असं छापून विकल्या जात राहिल्या. २००७ ते २०१० या काळात अकरा राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांत गुरांसाठी वेदनाशामक मागितलं गेलं, तेव्हा ३६ टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक मिळालं. या पाहणीमुळंच मोठ्या बाटल्यांवर बोट ठेवता आलं आणि जुलै २०१५ मध्ये तीन मिलिलिटरच्या कुपीचं बंधन आलं. पुढं कळलं की अॅसिक्लोफेनॅक गाई-म्हशींच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. कीटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. दोन्हींवर गुरांसाठी बंदी आली ती जुलै २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ मध्ये.

दरम्यानच्या वर्षांत गावाबाहेरच्या त्या जागांवर काय झालं? जनावरं मरतच होती, खाणारं कुणी उरलं नव्हतं. शवं कुजू लागली आणि तिथं मोकाट कुत्री जमू लागली. कुत्री वाढली तसे चावे वाढले, आणि अनिल मार्कंड्य व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केलेल्या हिशेबानं १९९२ ते २००६ या काळात पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्यानं सुमारे ४७,३०० माणसं जास्तीची दगावली. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी अधिक व्यापक ताळा मांडला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि ज्यांत नव्हती, त्यांच्या मृत्युदरांची तुलना करून त्यांनी म्हटलं की २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत. मुंबईत पारशी समाजाच्या मलबार हिलवरच्या दोखम्यांत, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या मनोऱ्यांत, शतकानुशतकांचा अंत्यविधी अडला आणि सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. इतक्या मोठ्या मानवी हानीची खूण एका पक्ष्याच्या मूत्रपिंडात आधी दिसली होती. ती वाचायला आपण दहा वर्षं घेतली.

महाराष्ट्रात या मोजणीची धुरा मुख्यतः छोट्या संस्थांनी वाहिली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रचे भाऊ काटदरे आणि महाडच्या सिस्केप संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री यांनी कोकणातली उरलीसुरली घरटी शोधली, राखली आणि वर्षामागून वर्ष त्यांच्या नोंदी ठेवल्या. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ वनखात्यानं आदिवासी गावकऱ्यांच्या साथीनं गिधाडांसाठी निर्धोक मांस मांडायची जागा केली. गडचिरोलीतही तसंच झालं. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरला जन्मलेली वीस गिधाडं विदर्भात आली. पांढऱ्या पाठीची ताडोबात, लांब चोचीची पेंचमध्ये. ऑगस्टमध्ये ती पाठीवर छोटी यंत्रं लावून सोडली गेली. ताडोबाचं एक गिधाड पाच राज्यं ओलांडत सुमारे चार हजार किलोमीटर उडून तमिळनाडूत पुदुक्कोट्टईला पोचलं. २०२५ मध्ये मेळघाटातही पिंजोरची लांब चोचीची गिधाडं आणली गेली.

विदर्भाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जिवाला लागून राहते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सरकारनं त्यानंतर ज्या कीटकनाशकांवर काही काळ बंधनं घातली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. हेच मोनोक्रोटोफॉस १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनाच्या शेतांत टोळ आणि नाकतोड्यांवर मारलं गेलं, तेव्हा उत्तर अमेरिकेतून तिथं हिवाळ्यासाठी गेलेले स्वेनसन्स हॉक जातीचे शिकारी पक्षी हजारोंनी मेले. मोजलेली शवंच पाच हजारांहून जास्त, अंदाज वीस हजारांचा. ते कळलं, कारण काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं होती आणि त्यांच्या मागावर गेलेले संशोधक थेट शवांच्या पसाऱ्यात जाऊन पोचले. अर्जेंटिनात ते औषध मग मागं घेतलं गेलं. आपल्या कपाशीत अळ्या टिपायला उतरणाऱ्या साळुंक्या, बगळे, कोतवाल आणि नीलपंख यांच्या यकृतात काय साठतं, याची दरसालची तपासणी तालुक्यातालुक्यातून व्हायला हवी. फवारणारा माणूस आणि अळी खाणारा पक्षी एकाच तासात उभे असतात. पक्ष्याचं वजन अगदी कमी, म्हणून त्याच्यावर परिणाम आधी होतो.

गिधाडांपुरतं बोलायचं तर अमडापूर या गोष्टीच्या बाहेर नाही. मेळघाटच्या दक्षिण कडेपासून चिखली तालुका हा गिधाडाच्या एका दिवसाच्या उड्डाणाचा पल्ला आहे. मेळघाटात किंवा पेंचमध्ये सोडलेलं गिधाड वाघाच्या शिकारीवर कायम पोट भरणार नाही, ते गावांकडं येणार. त्या दिवशी अमडापूरच्या, उंद्रीच्या किंवा मेहकरच्या शिवारात जे जनावर मेलेलं असेल, त्याला आठवड्याभरात कोणतं इंजेक्शन दिलेलं होतं, यावर त्या गिधाडाचं जगणं ठरेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलॉक्सिकॅम मिळतं, त्यानंही सूज उतरते आणि आता ते महागही राहिलेलं नाही. टोल्फेनॅमिक आम्लही तपासून निर्धोक ठरलं आहे. फ्लुनिक्सिनसारखी धोक्याची ठरलेली आणखी काही औषधं मात्र आहेतच, आणि गुरांचं नवं वेदनाशामक बाजारात येण्याआधी ते गिधाडांवर तपासलंच पाहिजे असा सक्तीचा नियम व्हावा, यासाठी बीएनएचएस आणि तिच्या सोबतच्या संस्था वर्षानुवर्षं आग्रह धरून आहेत. तो नियम झाला तर पुढच्या औषधाची चाचणी पिंजोरच्या पिंजऱ्यात होईल. नाही झाला, तर ती शिवारात होईल आणि निकाल शवविच्छेदनात कळेल.